विचारू का नको विचारू? ऑफिसातल्या मनाच्या दुखण्याबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी म्हटलं होतं की सहकाऱ्याचा मानसिक त्रास ओळखायचं ट्रेनिंग आता बऱ्याच ऑफिसांत होतंय, तर त्याबद्दल तुम्हाला काय अडतंय ते लिहा. पत्रं भरपूर आली. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाहीये, म्हणून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आलेत ते घेतलेत. नावं काढलीत आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

ताई, मी टीम लीडर आहे, हाताखाली नऊ जण. आम्हाला ट्रेनिंगमध्ये लक्षणांची लांबलचक यादी दिली. तेव्हापासून मला सगळ्यांच्यातच काहीतरी दिसायला लागलंय, एक चिडतो, एक गप्प असतो, एक उशिरा येतो. त्यातला एक जण मात्र खरंच बदललाय असं वाटतं. पूर्वी सगळ्यांच्या आधी काम संपवायचा, आता साधा रिपोर्ट तीन तीनदा परत येतो. पण विचारायला गेलो आणि त्याला राग आला तर? आणि तसं काही नसलंच तर?

यादी हातात आली की असं होतंच, काळजी करू नका. पण ती यादी आता ड्रॉवरमध्ये ठेवा, कारण तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य यादीतलं नाहीये, ते तुमचं आहे, की पूर्वी तो सगळ्यांच्या आधी काम संपवायचा. माणसाची तुलना त्याच्याच आधीच्या स्वतःशी करायची, शेजारच्या टेबलावरच्याशी नाही. जो पहिल्यापासून कमी बोलतो तो गप्प बसला तर तो त्याचा स्वभाव आहे. जो सगळ्यांना हाका मारत यायचा तो महिनाभर हेडफोन घालून थेट जागेवर जाऊन बसत असेल तर तिथे बघायचं.

दुसरं म्हणजे किती दिवस चाललंय. वाईट आठवडा सगळ्यांचाच असतो. डिप्रेशन म्हणताना डॉक्टरसुद्धा निदान दोन आठवडे, जवळजवळ रोज आणि दिवसातला बराच वेळ असं धरतात. आणि ऑफिसात ते दुःखी चेहऱ्याने येईलच असं नाही हं. बरेचदा ते चुका, छोटे निर्णय न होणं, एकच मेल चार वेळा वाचूनही डोक्यात न शिरणं, उशिरापर्यंत थांबून पण काम न सरकणं, पाठ नाहीतर पोट सारखं दुखणं, आणि विशेषतः पुरुषांमध्ये चिडचिड, अशा रूपात दिसतं. मॅनेजरला ते आळस वाटतं. मी घेते त्या ट्रेनिंगमध्ये मी मॅनेजर लोकांना विचारते की गेल्या वर्षी तुम्ही कुणाकुणाला कामात लक्ष नाही म्हणून झापलंत, आणि मग खोलीत जी शांतता होते ना, तिथून खरं ट्रेनिंग सुरू होतं.

आता हे डिप्रेशन आहे का हे तुम्ही ठरवायचंच नाहीये. थायरॉइड कमी असेल, रक्त कमी असेल, रात्री घोरण्यामुळे झोप तुटत असेल, तरी माणूस बाहेरून असाच दिसतो. घरी कुणी आजारी असेल, पैशाची अडचण असेल, तरी असाच दिसतो. काय आहे ते शोधायला डॉक्टर आहेत, तुमचं काम फक्त तुम्हाला जे दिसलं ते त्याच्यापर्यंत पोचवणं.

कसं विचारायचं? एकट्याला गाठा, काचेच्या केबिनमध्ये नको जिथे सगळी टीम बघतेय, आणि अप्रेझलच्या किंवा कामाच्या बोलण्याला जोडून तर अजिबात नको. चालता चालता, शेजारी शेजारी, असं बरं पडतं, समोरासमोर बसलं की चौकशी वाटते. आणि जे डोळ्यांनी दिसलं तेच बोला. "गेले तीन चार आठवडे बघतोय, तू जेवायलाही कुणाबरोबर येत नाहीस, रिपोर्टमध्येही तुझ्या कधी न होणाऱ्या चुका होतायत. कामाबद्दल बोलत नाहीये मी, तू कसा आहेस?" एवढंच. मग गप्प बसा. हे गप्प बसणंच सगळ्यात अवघड जातं, आपल्याला दहा सेकंदं म्हणजे तासभर वाटतात आणि आपणच काहीतरी बोलून टाकतो. नका बोलू.

पहिल्यांदा तो "काही नाही, ठीक आहे" असंच म्हणणार, दहातले बहुतेक जण म्हणतात. वाद घालू नका, "बरं, पण कधी वाटलं तर मी आहे" म्हणा आणि आठवड्याभराने पुन्हा विचारा. पहिल्या विचारण्याने त्याला कळतं की कुणाचंतरी लक्ष आहे, दुसऱ्याने कळतं की हा नुसतं विचारायचं म्हणून विचारत नव्हता. राग आला तर येऊ दे, माफी मागा आणि दार उघडं ठेवा. आणि काहीच नसेल तर? तर तुमच्या टीममधल्या एका माणसाला समजलं की इथे आपली विचारपूस होते, यात नुकसान कुणाचं झालं!

त्याने बोलायला सुरुवात केली तर मात्र चार गोष्टी तोंडातून बाहेर येऊ देऊ नका. सगळ्यांनाच टेन्शन असतं. पॉझिटिव्ह विचार कर. तुला काय कमी आहे. आणि माझ्या मावसभावाला पण असंच झालं होतं. यातलं कुठलंही वाक्य चांगल्या मनाने बोललेलं असतं हे मला माहितीये, पण ऐकणाऱ्याला कळतं की आता बोलणं संपलं. त्याऐवजी विचारा की यातलं ऑफिसमुळे किती आहे, आणि माझ्या हातात असलेलं काय बदललं तर थोडं हलकं होईल. एखादी डेडलाईन पुढे ढकलणं, दोन आठवडे उशिरा यायची मुभा, डॉक्टरकडे जायला अर्धा दिवस, हे तुमच्या हातात असतं, आणि ते करायला आजाराचं नाव कळायची गरज नसते.

मी एचआरमध्ये आहे. चारशे लोकांसाठी एका तासाचं ऑनलाईन सेशन करा आणि विषय संपवा असं वरून सांगितलंय. मला हे पटत नाहीये पण मी काय सांगू त्यांना? खरंच ट्रेनिंगचा उपयोग होतो का?

तुमची तळमळ कळतेय, आणि तुम्हाला पटत नाहीये ते बरोबरच आहे. एका तासात माहिती मिळते, सवय लागत नाही. पोहायचा व्हिडिओ बघून पोहता येत नाही तसंच हे.

या सगळ्या ट्रेनिंगचं मूळ ऑस्ट्रेलियात आहे. २००० साली बेटी किचनर या नर्सने, ज्या स्वतः डिप्रेशनमधून गेलेल्या होत्या, आणि मानसिक आरोग्याचे संशोधक अँथनी जॉर्म यांनी मिळून मानसिक प्रथमोपचाराचा कोर्स सुरू केला. विचार अगदी साधा होता, की हाड मोडलं, भाजलं, तर डॉक्टर येईपर्यंत काय करायचं हे सामान्य माणसाला शिकवतो ना, मग मनाच्या बाबतीत का नाही? तो कोर्स आता कितीतरी देशांत शिकवला जातो. त्याचा गाभा असा, की जवळ जाऊन बोलणं सुरू करा आणि जिवाला धोका आहे का ते बघा, मत न बनवता ऐका, धीर आणि माहिती द्या, तज्ञाकडे जायला उत्तेजन द्या, आणि घरचे मित्र असा बाकीचा आधारही जोडून द्या. उपचार करणं यात कुठेच नाही, हे वरच्यांना मुद्दाम सांगा कारण त्यांना तीच भीती असते, की आपले लोक डॉक्टर बनायला लागतील.

उपयोगाचं खरं खरं सांगते, कारण तुम्ही वरिष्ठांना फुगवून सांगितलंत आणि वर्षभराने त्यांनी हिशोब मागितला तर तुमचीच पंचाईत होईल. अभ्यासांत एवढं दिसतं की शिकलेल्यांची समज वाढते, मदतीला पुढे जायचा आत्मविश्वास वाढतो, मानसिक आजाराबद्दलचा दुरावा कमी होतो. पण ज्याला मदत केली त्याची तब्येत त्यामुळे सुधारली असा भक्कम पुरावा अजून उभा राहिलेला नाही. मला यात आश्चर्य वाटत नाही. सहकाऱ्याने विचारलं, माणूस बोलला, आणि पुढे रजाच मिळाली नाही, काउन्सेलरची वेळ दीड महिन्यानंतरची मिळाली, किंवा तीन दिवसांत अख्ख्या मजल्याला बातमी कळली, तर त्या विचारण्याने त्याचं काय भलं होणार?

म्हणून क्रम उलटा करा, आधी पुढची वाट तयार करा आणि मग लोकांना त्या वाटेवर आणायला शिकवा. कुणी बोललं तर ते कुणाला कळणार आणि कुणाला नाही, हे लिहून ठेवा, सुट्टी कशी मिळणार, कामात काय काय बदल करता येतात, काउन्सेलर ऑफिसने दिलेला असेल तर तो मॅनेजरला काय सांगतो (उत्तर, काहीही नाही, जिवाला धोका असेल तेवढं सोडून), आणि ऑफिसच्या वेळेबाहेर गरज पडली तर फोन कुठे करायचा. हे सगळं एका पानावर मावतं, आणि ते पान नसेल तर ट्रेनिंग पुढे ढकला असं मी स्पष्ट सांगते. एका ठिकाणी माझं ऐकलं नाही. ट्रेनिंगनंतर एका मुलीने विश्वासाने मॅनेजरला सांगितलं की तिच्या गोळ्या चालू आहेत आणि पुढच्या प्रोजेक्टच्या यादीतून तिचं नाव गेलं, कारण काय तर तिला झेपणार नाही. त्यानंतर त्या ऑफिसात कुणीही कुणाला काहीही सांगितलं नाही, आणि तो दोष थोडा माझाही आहे असं मी धरते, कारण मी तिथे जायला हो म्हटलं होतं.

वरिष्ठांशी बोलताना जागतिक आरोग्य संघटनेचा आधार घ्या. कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्यावर त्यांनी २०२२ साली मार्गदर्शक सूचना काढल्यात, त्यात मॅनेजरना ट्रेनिंग द्या असं वेगळं म्हटलंय, कर्मचाऱ्यांनाही द्या म्हटलंय, आणि त्याबरोबर कामाचं स्वरूपच बदला, म्हणजे कामाचा बोजा, वेळा, कामावर स्वतःचा ताबा, हेही म्हटलंय. त्यांच्याच आकड्यांत २०१९ मध्ये कामाच्या वयातल्या साधारण १५ टक्के माणसांना कुठला ना कुठला मानसिक आजार होता, म्हणजे त्या हिशोबाने तुमच्या चारशेत साठेक जण. डिप्रेशन आणि अँग्झायटीपोटी जगभरात वर्षाला अंदाजे १२ अब्ज कामाचे दिवस वाया जातात असंही ते सांगतात. दिवसांचा हिशोब वरच्यांना पटकन कळतो.

आणि चारशेंना सारखंच द्यायची गरज नाही. सगळ्यांना थोडक्यात माहिती द्या, त्याला ऑनलाईन चालेल. मॅनेजर आणि टीम लीडर मात्र पंधरा वीसच्या गटात, समोर बसवून, निदान एक पूर्ण दिवस, आणि त्यातला अर्धा वेळ जोड्या पाडून बोलायचा सराव. मोठी माणसं आधी लाजतात, हसतात, आणि मग एकदा एक जण खरंच आपल्या मनातलं बोलून जातो आणि हसणं थांबतं. सहा महिन्यांनी पुन्हा दोन तास बोलवा, कारण विसरायला होतं. सर्वात आधी कुणाला बसवायचं म्हणाल तर ज्यांनी तुम्हाला एक तासात संपवा म्हणून सांगितलं त्यांनाच, पहिल्या रांगेत. साहेबच आले नाहीत तर बाकीच्यांना कळतं या विषयाची किंमत किती आहे ते.

माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण परवा म्हणाली की आता कशातच अर्थ वाटत नाही, मी नसले तर सगळ्यांचीच सुटका होईल. नंतर म्हणाली कुणाला सांगू नकोस, शप्पथ घातली. मी ट्रेनिंग घेतलंय पण त्यात आत्महत्येचा विषय दोन मिनिटांत उरकला. मला काही सुचत नाहीये.

तुमचं पत्र आल्याबरोबर मी तुम्हाला वेगळं उत्तर पाठवलंय, अंक यायची वाट पाहिली नाही. पण हे सगळ्यांनीच वाचावं म्हणून इथेही लिहिते.

तिला थेट विचारायचं. "तुझ्या मनात आत्महत्येचे विचार येतायत का?" याच शब्दांत. "तसलं काही नाही ना डोक्यात" असं विचारलं की समोरचा नाहीच म्हणणार, कारण आपल्याला नाही हेच ऐकायचंय हे त्याला कळतं. विचारल्यामुळे डोक्यात विचार घातला जातो ही भीती खरी नाही, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय, उलट कुणीतरी तो शब्द उच्चारल्यावर माणूस सुटल्यासारखा बोलायला लागतो. हो म्हणाली तर पुढचं विचारा, कसं करायचं ते ठरवलंयस का, कधी, आणि त्यासाठी लागणारं काही जवळ आहे का, आधी कधी प्रयत्न केला होतास का. या उत्तरांवरून कळतं की आत्ताच्या आत्ता धावायचंय की आज संध्याकाळपर्यंत डॉक्टर गाठायचाय.

ठरलेलं असेल, साधन जवळ असेल, तर तिला एक मिनिटही एकटं सोडू नका. वॉशरूमपर्यंतसुद्धा बरोबर जा. ते साधन तिच्या हातापासून लांब जाईल असं बघा, पण स्वतःच्या जिवावर उदार होऊन नाही. इमर्जन्सीचा नंबर लावा किंवा जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात न्या, आणि घरच्यांपैकी ज्याच्यावर तिचा भरवसा आहे त्याला बोलवा, कोण ते तिलाच विचारून. आज तसं काही ठरलेलं नाहीये असं निघालं तरी विषय तिथे संपत नाही, दोन दिवसांत डॉक्टर किंवा काउन्सेलरची वेळ तुम्ही तिच्याबरोबर बसून घ्या, आणि तोपर्यंत रात्री फोन कुणाला करायचा हे एका कागदावर लिहून द्या, हेल्पलाईनचा नंबरही त्यात घाला.

शपथेचं बोलते. ती शपथ मोडा. तिला सांगूनच मोडा, मागून नको. "तू माझ्यावर विश्वास टाकलास, पण हे मी एकटी सांभाळू शकत नाही, आणि तुला काही झालेलं मला चालणार नाही, कुणाला सांगायचं ते आपण दोघी मिळून ठरवू." ती रागावेल, कदाचित महिनाभर बोलणार नाही. चालेल. आणि बाकीच्यांना एक सांगून ठेवते, कुणी "एक सांगते पण कुणाला सांगू नको" म्हणून सुरुवात केली की आधीच म्हणायचं, तुझ्या जिवाला धोका असेल असं काही असलं तर मला मदत बोलवावी लागेल, बाकी सगळं माझ्यापाशी राहील. लोक तरीही बोलतात, मी इतक्या वर्षांत पाहिलंय.

अजून एक. फार दिवस खचलेला माणूस अचानक एकदम शांत झाला, वस्तू वाटून टाकायला लागला, सगळ्यांशी नीट भेटून घ्यायला लागला, तर सुधारतोय म्हणून लगेच निश्चिंत होऊ नका, त्या दिवशीसुद्धा हाच प्रश्न विचारा.

मीटिंगमध्ये एकाला अचानक दरदरून घाम, छातीत धडधड, श्वास घेता येईना. सगळे पाणी घे, पंखा लाव, गोंधळ. कुणी म्हणालं पॅनिक अटॅक आहे, कुणी कागदी पिशवीत श्वास घे म्हणालं. अशा वेळी काय करायचं?

त्याला आधी कधी असं झालंय का आणि डॉक्टरांनी पॅनिक अटॅकच सांगितलंय का, हे त्यालाच विचारा. पहिल्यांदाच होत असेल, छातीत दुखत असेल, तर हार्टचा त्रास समजूनच हॉस्पिटलला न्यायचं, बाहेरून दोन्ही सारखेच दिसू शकतात आणि इथे अंदाज करायचा नाही. आधीपासून माहितीचा असेल तर गर्दी हटवा, एकानेच जवळ बसा, हळू आणि छोट्या वाक्यांत बोला, "मी इथे आहे, हे उतरणार आहे." साधारण दहा मिनिटांत अटॅक टोकाला जातो आणि मग उतरायला लागतो. श्वास सोडताना जास्त वेळ लावायचा, आपण स्वतः तसा घेऊन दाखवायचा. पिशवी नको, ती धोक्याची ठरू शकते. आणि नंतर त्या माणसाला मीटिंगमध्ये परत ओढून नेऊ नका, पण घरीही एकट्याला पाठवू नका.

आमच्या इथला एक जण म्हणतो की सगळे मिळून त्याच्यावर पाळत ठेवतायत, त्याच्या कॉम्प्युटरमधून त्याचं बोलणं रेकॉर्ड होतं. लोक चेष्टा करतात. ट्रेनिंगमध्ये फक्त स्ट्रेस आणि डिप्रेशन होतं, हे नव्हतंच.

हे मला प्रत्येक वेळी खटकतं. ज्या आजारांना लोक सगळ्यात जास्त घाबरतात तेच ट्रेनिंगमधून वगळतात. सायकोसिस (जे नाही तेच खरं वाटायला लागणं), बायपोलर (मन कधी फार वर तर कधी फार खाली जाणं), दारूचं व्यसन, हे विषय अवघड वाटतात म्हणून पन्नास मिनिटं स्ट्रेस आणि शेवटी खोल श्वास घ्या.

चेष्टा आज थांबवा, हे पहिलं. त्याच्यासाठी ती भीती शंभर टक्के खरी आहे. त्याच्याशी वाद घालून, पुरावे देऊन, कॉम्प्युटर उघडून दाखवून काही होत नाही, उलट तुम्ही पण त्यांच्यातलेच असं त्याला वाटेल. आणि त्याला बरं वाटावं म्हणून हो हो पण म्हणू नका. मधली जागा पकडा, "मला तसं काही दिसलेलं नाही, पण तुला सतत असं वाटत असेल तर किती भीती वाटत असेल, झोप तरी लागते का तुला?" झोपेवरून डॉक्टरकडे जायचा विषय निघू शकतो, कारण झोप उडालेली त्याला स्वतःलाही नकोच असते. आवाज खाली ठेवा, मध्ये थोडं अंतर ठेवा, त्याच्या आणि दाराच्या मध्ये उभे राहू नका. घरच्यांना लवकर कळवा, कारण हा आजार जितक्या लवकर डॉक्टरांकडे जाईल तितकं पुढचं सोपं होतं. अशा माणसांपासून धोकाच असतो ही समजूत चुकीची आहे, यातले बहुतेक जण कुणाला काही करत नाहीत, तेच घाबरलेले असतात. पण तो धमकी द्यायला लागला किंवा स्वतःला इजा करेल असं वाटलं तर मात्र थांबू नका, इमर्जन्सी मदत बोलवा.

बर्नआउट आणि डिप्रेशन एकच का?

नाही. जागतिक आरोग्य संघटना बर्नआउटला आजार धरत नाही, कामाशी जोडलेली अवस्था धरते, म्हणजे दीर्घकाळ न आवरलेल्या कामाच्या ताणातून आलेला थकवा, कामापासून मन तुटणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. डिप्रेशन ऑफिसात थांबत नाही, सुट्टीत, आवडत्या माणसांत, आवडत्या गाण्यातही ते बरोबर असतं. पण एकातून दुसरं होऊ शकतं, म्हणून दोन आठवड्यांची सुट्टी घेऊनही मन वर आलं नाही तर दाखवून घ्या.

आमच्या ऑफिसने मला मानसिक आरोग्याची दूत केलंय, स्वेच्छेने झाले मी, खूप उत्साह होता. आता रात्री अकराला पण फोन येतात. एकीचं ऐकून मला तीन दिवस झोप नव्हती. नाही म्हटलं तर अपराधी वाटतं. माझंच काहीतरी चुकतंय का?

तुझं काही चुकत नाहीये गं, तुला एकटीला तिथे उभं करणाऱ्यांचं चुकतंय. प्रथमोपचारवाला जखमेवर पट्टी बांधून अँब्युलन्समध्ये बसवून देतो, रोज घरी जाऊन पट्टी बदलत नाही. तुझ्याकडे कुणी दुसऱ्यांदा त्याच गोष्टीसाठी आलं तर त्या भेटीत त्याची काउन्सेलरची वेळ ठरलीच पाहिजे असं स्वतःशी ठरव. तिसऱ्यांदा आलं तर विचार, गेलास का?

ऑफिसकडे या गोष्टी लेखी माग. तुझ्यासारखे अजून दोघे तिघे, म्हणजे आळीपाळीने होईल. या कामाचा वेळ ऑफिसच्या वेळेत धरला जाईल. महिन्यातून एकदा एखाद्या तज्ञाबरोबर बसून नावं न घेता मन मोकळं करायची सोय. फोन घ्यायची वेळ ठरव आणि ती सगळ्यांना कळव, त्या वेळेबाहेर हेल्पलाईनचा नंबर. आणि जर का ऑफिसात काही भयंकर घडलं, अपघात, सहकाऱ्याचा मृत्यू, तर सगळ्यांना एका खोलीत बसवून जबरदस्तीने बोलतं करायला सांगतील तुला, ते करू नकोस. तसं एकदाच बसवून सगळं आठवायला लावल्याने पुढचा त्रास टळत नाही असं दिसलंय. कुणाला काय हवंय ते बघायचं, बोलायचं असेल त्याचं ऐकायचं, आणि गरज असेल त्याला पुढच्या मदतीशी जोडून द्यायचं, बस.

आणि तुझी झोप तीन दिवस उडाली ना, मग तूसुद्धा एकदा कुणाशीतरी बोल. दूत झालीस म्हणून तुला ते लागू नाही असं काही नाहीये.

मी तीन महिने रजेवर होते, डिप्रेशन. गोळ्या चालू आहेत, बरं वाटतंय. सोमवारपासून जॉईन होतेय. मी नसताना ऑफिसमध्ये सगळ्यांना मानसिक आरोग्याचं ट्रेनिंग दिलं म्हणे. मला आता जास्तच भीती वाटतेय की सगळे माझ्याकडे त्याच नजरेने बघतील, हसले तरी आणि गप्प बसले तरी. किती सांगू आणि कुणाला?

तुझं पत्र मी शेवटी ठेवलं कारण वरची सगळी उत्तरं तुझ्यासारख्यांसाठीच आहेत, आणि तुझ्याकडून आलेला प्रश्न ट्रेनिंग घेणाऱ्या आम्हा लोकांच्या डोक्यात अगदी शेवटी येतो. आम्ही ओळखायला शिकवतो, ओळखल्यानंतर पुन्हा साधं वागायला शिकवायला विसरतो.

किती सांगायचं ते पूर्णपणे तुझ्या हातात आहे. मॅनेजरला एवढं पुरे की तब्येतीसाठी रजेवर होते, उपचार चालू आहेत, आणि कामाच्या दृष्टीने मला अमुक अमुक लागेल. ते अमुक काय हे मात्र नीट विचार करून सोमवारच्या आधी लिहून काढ. गोळ्यांमुळे सकाळी जड वाटतं का? मग दोन तीन आठवडे उशिरा सुरुवात. एकदम पूर्ण दिवस झेपणार नाही असं वाटतंय? मग पहिला आठवडा अर्धा दिवस, पुढचा थोडा जास्त, असं डॉक्टरांकडून लिहून आण, ते मागणं काही जगावेगळं नाहीये, पाय मोडलेल्यालाही आपण पहिल्या दिवशी जिने चढायला लावत नाही. डॉक्टरच्या भेटीचे दिवस आधीच कळवून टाक. साठलेल्या मेल सगळ्या वाचू नकोस, कुणालातरी सांग की यातलं चालू काय आहे ते मला दहा ओळींत दे. आणि कामाला लागलीस, छान वाटायला लागलं, म्हणून स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नकोस, हे मी पाहिलंय आणि त्याचं पुढे काय होतं तेही पाहिलंय. कमी करायच्या असतील तर डॉक्टर हळूहळू करतात.

बाकीच्यांसाठी एक वाक्य आत्ताच तयार ठेव, म्हणजे लिफ्टमध्ये अडखळायला होणार नाही. "बरं नव्हतं, आता बरी आहे, विचारलंस ते बरं वाटलं." पुढे कुणी खोदलं तर तेच वाक्य पुन्हा. ज्या एका दोघांना मनापासून सांगावंसं वाटेल त्यांना सांग, पण पहिल्याच दिवशी नको, आठ दहा दिवस बघ कोण कसं वागतंय. नजरा थोड्या दिवस असतील, खोटं कशाला सांगू. त्यातल्या काही नजरा काय बोलावं हे न कळल्यामुळे असतात.

तुझ्या ऑफिसातलं कुणी हे वाचत असेल तर त्यांना सांगते. सोमवारी ती आली की तिच्याशी हळू आवाजात बोलू नका, तिचं काम तिला न विचारता काढून घेऊ नका, ती एखादवेळी चिडली तर लगेच एकमेकांकडे बघू नका. ती नसताना जी फाईल अडून बसलीये, जी फक्त तिलाच कळते, ती घेऊन नेहमीसारखे तिच्या टेबलाशी जा आणि विचारा, वेळ आहे का गं पाच मिनिटं?